यीस्ट की सिलिंडर? मुलुंडच्या फ्लॅटमध्ये सोड्याचा केग

घरच्या घरी पेयात गॅस कसा भरायचा हे शोधायला गेलं, की हाती लागणारी माहिती जवळजवळ सगळी बिअर करणाऱ्यांनी लिहिलेली असते. बाटलीत साखर किती घालायची, केगला (पेय साठवायच्या स्टीलच्या पिंपाला) प्रेशर किती द्यायचं, नळातून नुसता फेसच का येतो, सगळं बिअरच्या हिशोबाने. आमच्या घरी बिअर होत नाही आणि होणारही नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, आणि "घरच्यापुरतीच केली हो" ही सबब तिथे चालत नाही. मला करायचा होता आल्याचा सोडा आणि कोकम सोडा. सोसायटीच्या दिवाळी प्रदर्शनात स्टॉल लावायचा, एवढीच उडी. पण सामान तेच, गणितही तेच. फक्त एका जागी हे गणित बिअरहून अगदी वेगळं वागतं, आणि ते कुणी सरळ सांगत नाही. म्हणून हा लेख. सगळी हकीकत 2024 च्या जुलै ते नोव्हेंबरमधली आहे, किमतीही तेव्हाच्याच.

गॅस भरायचे मार्ग दोन: यीस्टला तो पेयातच करू द्यायचा, किंवा सिलिंडरमधून तयार गॅस सोडायचा. सुरुवात केली ती यीस्टपासून, कारण त्यात खर्च नाही. आलं न सोलता किसायचं (सालीवरच रानटी यीस्ट असतं), साखर आणि पाणी घालून बरणीत ठेवायचं, रोज चमचाभर आलं आणि चमचाभर साखर. पाणी मात्र उकळून गार केलेलं, कारण महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि त्याचं कामच जंतू मारणं. परदेशी कृतींत याला आठवडा लागतो असं लिहिलंय. मुलुंडच्या जुलैत तिसऱ्या दिवशी सकाळी बरणीचं झाकण उघडलं तर सूं करून वर आलं. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, हे तर विरजणच की! मग एवढं काय शिकायचंय त्यात?"

त्यांचं बरोबर होतं. पुढची कृतीही विरजणाचीच: आल्याचा गोड काढा करून पूर्ण गार करायचा, गाळायचा, त्यात या बरणीतलं थोडं पाणी घालायचं, बाटलीत भरून घट्ट झाकायचं. यीस्ट साखर खातं, गॅस सोडतं, बाटली बंद असल्यामुळे गॅस पेयातच विरघळतो. आत किती गॅस झालाय हे काचेच्या बाटलीला हात लावून कळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी एक बाटली प्लास्टिकची भरायची, कोल्ड्रिंकची धुतलेली रिकामी बाटली उत्तम. ती दाबून बघायची. दगडासारखी लागली की सगळ्याच बाटल्या फ्रिजमध्ये. माझी प्लास्टिकची बाटली संध्याकाळी मऊ होती आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येईपर्यंत तिचा तळ फुगून बाहेर आला होता, टेबलावर उभी राहीना.

तिथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. गॅस मोजायचं माप म्हणजे व्हॉल्यूम: एक लिटर पेयात एक लिटर गॅस विरघळला तर तो एक व्हॉल्यूम. बिअरमध्ये साधारण अडीच असतो, कोल्ड्रिंकमध्ये साडेतीन-चार. एका लिटरमध्ये चारेक ग्रॅम साखर आंबली की एक व्हॉल्यूम गॅस तयार होतो. आता बिअरवाल्यांची गंमत अशी, की बाटलीत भरायच्या वेळी त्यांच्या बिअरमधली आंबण्याजोगी साखर आधीच संपलेली असते. ते लिटरला सहा-सात ग्रॅम साखर मोजून घालतात, यीस्ट तेवढी खातं आणि थांबतं. बाटली महिनाभर कपाटात राहिली तरी बिघडत नाही. माझ्या सोड्यात लिटरला ऐंशी-नव्वद ग्रॅम साखर होती, कारण तो गोड हवा होता. ती सगळी आंबली तर वीसहून जास्त व्हॉल्यूम! कुठलीच काच ते सोसणार नाही. म्हणजे बिअरमध्ये साखर संपते म्हणून यीस्ट थांबतं, सोड्यात ते फक्त थंडीने थांबतं. फ्रिज बंद पडला किंवा बाटली कुणी बाहेर विसरलं, की पुन्हा सुरू.

दुसरी गोष्ट अल्कोहोलची. यीस्ट जेवढा गॅस करतं, वजनाने जवळपास तेवढंच अल्कोहोलही करतं. अन्नसुरक्षेच्या नियमांत 0.5 टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्यात धरतात. हिशोब केला तर लिटरला आठेक ग्रॅम साखर आंबली की ती रेषा येते, आणि तोवर गॅस झालेला असतो फक्त दोन व्हॉल्यूम. दोन व्हॉल्यूमचा सोडा म्हणजे मेलेला सोडा. यीस्टकडून कोल्ड्रिंकइतकी फसफस हवी असेल तर रेषा ओलांडावीच लागते. घरात वाटीभर पिण्याची गोष्ट वेगळी. सोसायटीतल्या पोरांना पैसे घेऊन विकायचा, तर हे मला पटेना. बरणी तशीच चालू ठेवली, सासूबाईंना आवडली होती. स्टॉलसाठी मात्र सिलिंडर.

कागदपत्रं समांतर सुरू केली होती. 22 जुलैला फॉसकॉस पोर्टलवर (खाद्यव्यवसायाच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ) अर्ज भरला. 2024 मध्ये वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर लायसन्स लागत नव्हतं, नुसती नोंदणी पुरत होती. फॉर्म ए, एक फोटो, ओळखपत्र, जागेचा पत्ता. फी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती. हेच काम करून द्यायचे एका एजंटने दोन हजार मागितले होते, तेव्हा फॉर्म स्वतःच भरा, तासाभराचं काम आहे. व्यवसायाच्या प्रकारात मी लहान उत्पादक निवडलं, तेव्हा त्याची मर्यादा दिवसाला 100 लिटर होती. पदार्थाच्या यादीत 14 वा गट पेयांचा, त्यातला 14.1 अल्कोहोल नसलेल्या पेयांचा. इथे घाई करू नका. चुकीच्या गटावर खूण केली तर पुढे दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज करत बसावं लागतं.

आठवड्याच्या आत अर्जावर शंका आली: जागा अर्जदाराच्या नावावर नाही. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे. त्यांनी साध्या कागदावर संमतीपत्र लिहून दिलं, सोबत मेंटेनन्सचं बिल जोडलं आणि उत्तर अपलोड केलं. तेव्हा नियम असा होता, की सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची नोटीस द्यायची, आणि तपासणी निघाली तर तीस दिवसांत निर्णय. माझ्याकडे तपासणी आली नाही, पण येऊ शकते हे धरूनच मी ओट्याखालचं कपाट फक्त या कामासाठी रिकामं केलं. प्रमाणपत्र 14 ऑगस्टला आलं. चौदा आकडी नंबर, नोंदणीचा असला की 2 ने सुरू होतो आणि लायसन्सचा 1 ने. छापून लॅमिनेट केलं, स्टॉलवर लावावंच लागतं.

बाटल्या भरून विकायचा विचार याच सुमारास सोडला. बाटली सीलबंद केली की ती पॅकबंद वस्तू. मग वैध मापनशास्त्राचे 2011 चे नियम लागतात: नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, एमआरपी, तारीख, शिवाय पॅक करणारा म्हणून वेगळी नोंदणी, तिची फी 500 रुपये. अन्नसुरक्षेचं लेबल, हिरवा ठिपका वगैरे वेगळंच. हे करणारे करतात, अशक्य काही नाही. पण दोन संध्याकाळच्या स्टॉलसाठी गिऱ्हाइकासमोर ग्लासात ओतून देणं सोपं. आणि ग्लासात ओतायचं तर केग हवा.

केग म्हणजे स्टीलचं उंच पिंप. मी घेतला तो 19 लिटरचा, कॉर्नेलियस जातीचा, जुना, 7,500 रुपयांना. मुळात हे केग कोल्ड्रिंक कंपन्यांच्या सिरपसाठी होते. तोंडं दोन प्रकारची असतात, बॉल लॉक आणि पिन लॉक. पहिला प्रकार पेप्सीच्या केगांचा, दुसरा कोका-कोलाच्या. कनेक्टर एकाचे दुसऱ्याला बसत नाहीत, म्हणून केग घेतानाच ते कोणते हे विचारून घ्या. दोन तोंडांपैकी एक गॅस आत जायचं आणि दुसरं पेय बाहेर यायचं. गॅसच्या तोंडाला बहुधा खाच असते. ती पाहून मगच कनेक्टर लावायचा, उलटा बसला तर निघता निघत नाही.

जुन्या केगला वास असतोच. स्टीलला नाही, रबराच्या रिंगांना. सगळ्या ओ-रिंग बदलल्या (संच तीनशे-चारशेला मिळतो), जुन्या नाकाशी धरल्या तर त्यांना कुठल्याशा गोड सिरपचा वास अजून येत होता. धुतला धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने. स्टीलच्या केगला ब्लीचिंग पावडर किंवा तसलं क्लोरीनचं काही अजिबात लावू नका. त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि मग त्यातला मळ कधीच निघत नाही. मिठालाही तोच दोष आहे, त्याबद्दल पुढे.

सिलिंडरची खरेदी हा सगळ्यात लांबलेला भाग. भांडुपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅसवाल्याकडे 5 किलोचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर 6,500 ला मिळाला, भरायचे 400 वेगळे. त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक वेल्डिंगवालं, त्यामुळे खाण्याच्या दर्जाचा गॅस म्हणून दोनदा सांगावं लागलं आणि त्याचं सर्टिफिकेट मागवून घ्यावं लागलं. ते येईपर्यंत ऑगस्ट संपला. जाताना या गोष्टी पाहा. सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख कोरलेली असते, ती पाच वर्षांच्या आतली हवी. तिथेच रिकाम्या सिलिंडरचं वजनही कोरलेलं असतं, ते वहीत उतरवून घ्या. आत गॅस द्रवरूपात असतो, आणि द्रव शिल्लक असेतो प्रेशर दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा हलत नाही, मग एकदम पडतो. किती उरलाय हे काट्यावरून नाही, वजनकाट्यावरून कळतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर घड्याळावर आणखीच विश्वास नको, 31 अंशांच्या वर हा गॅस द्रव म्हणून राहतच नाही.

रेग्युलेटरचं तसंच. वेल्डिंगचा रेग्युलेटर स्वस्त असतो, पण तो मिनिटाला किती लिटर गॅस गेला ते दाखवतो. आपल्याला हवं प्रेशर. मी दोन घड्याळांचा घेतला, 3,200 ला, आणि सिलिंडर सोबत नेऊन दुकानातच लावून पाहिला, कारण बाहेरून मागवलेल्या रेग्युलेटरचे आटे इथल्या व्हॉल्व्हला जुळतीलच असं नाही. आणि कुणी सुचवलं तरी आग विझवायचा लाल सिलिंडर वापरू नका. गॅस तोच, पण त्याच्या आत तळापर्यंत नळी असते. त्यामुळे गॅसऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये येतो.

सिलिंडर लिफ्टमधून वर नेताना सेक्रेटरी काका भेटले. पुढचं संभाषण असं.

"हे काय, वहिनी? गॅस आहे ना तुमच्याकडे पाइपचा?"

"हा तो नाही, काका. सोड्यातला आहे. पेट घेत नाही."

"फुटला तर?"

"मीटर रूममध्ये लाल सिलिंडर टांगलाय ना आपल्या? त्यात हाच असतो."

ते गप्प झाले, पण प्रदर्शनाच्या मीटिंगमध्ये अट आली: स्टॉल उघड्यावर, सिलिंडर साखळीने बांधलेला, रात्री कुलूपबंद. रास्त अट आहे. हा गॅस जळत नसला तरी हवेपेक्षा जड आहे, बंद खोलीत गळला तर खाली साठतो आणि गुदमरवतो. म्हणून घरी खिडकी उघडी, गाडीतून आणताना काचा खाली, आणि सिलिंडर नेहमी उभा, पट्ट्याने बांधून.

गळती शोधायला काही विशेष लागत नाही. साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडाला लावायचं आणि बघत बसायचं. झाकणाला काही नव्हतं. गॅसच्या तोंडाशी मात्र एक फुगा आला, मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा, फुटला, पुन्हा आला. एवढ्याशा फुग्यातूनही हळूहळू सिलिंडर रिकामा होऊ शकतो. ते तोंड पान्याने काढून रिंगेला खाण्याच्या दर्जाचं सिलिकॉन ग्रीस चोपडलं, पुन्हा बसवलं, पुन्हा साबण. थांबला.

पहिली खरी भरणी गणपतीला, 7 सप्टेंबरच्या आदल्या आठवड्यात. आल्याचा गोड काढा, या वेळी नीट उकळलेला, म्हणजे यीस्ट मेलेलं. मलमलच्या फडक्यातून गाळला आणि पुन्हा कॉफीच्या कागदातून, कारण आल्याचा बारीक चोथा नळीच्या तोंडाशी अडकतो आणि फेसही वाढवतो. केगमध्ये सोळा लिटर, वर मोकळी जागा. झाकण लावून गॅस थोडा आत सोडायचा, वरच्या व्हॉल्व्हने बाहेर काढायचा, असं दोन-तीनदा, म्हणजे आतली हवा निघून जाते. मग तो थंड.

थंड म्हणजे खरंच थंड. हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. गॅस थंड पाण्यातच मुरतो. चार अंशांवर 30 पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) दिलं तर साधारण चार व्हॉल्यूम मिळतात. तेच प्रेशर ओट्यावरच्या केगला दिलंत तर निम्मेही नाही. बिअरवाले याच तापमानाला बाराएक पीएसआय देतात, कारण त्यांना अडीचच हवे असतात. पण दोन फुटांहून उंच पिंप घरच्या फ्रिजमध्ये ठेवणार कुठे? भावजींकडे जुना एक दाराचा फ्रिज पडून होता. तो आणला, कप्पे काढले, दाराची आतली कड थोडी तासली. सिलिंडर बाहेर, नळी दाराच्या रबरातून आत. सासऱ्यांनी विचारलं, लाइट बिल किती येईल? हो, थोडं आलं वाढून.

गॅस लावला आणि सोडून दिला. तिसऱ्या दिवशी चव घेतली तर जेमतेम टोचत होता. आठवड्याने हवा तसा. घाई असेल तर थंड केग आडवा घालून पंधराएक मिनिटं मागे-पुढे लोळवायचा, पाणी आणि गॅस यांची गाठ जास्त ठिकाणी पडते आणि काम पटकन होतं. हे पुढे उपयोगी पडलं.

गणपतीत नळ उघडला आणि पाहुण्यांच्या ग्लासात पाऊण फेस, पाव सोडा. केगमध्ये 30 पीएसआय, बाहेर काहीच नाही, मधे जेमतेम हातभर नळी. एवढं प्रेशर एका झटक्यात उतरलं की विरघळलेला गॅस तिथेच सुटतो. उपाय म्हणजे लांब आणि अरुंद नळी: आतून पाच मिलिमीटरच्या आतबाहेर, बिअरसाठी तीनेक मीटर, सोड्यासाठी नऊ मीटरपर्यंत. नळीच्या घर्षणात प्रेशर हळूहळू खर्च होतं. नऊ मीटर नळी केगभोवती गुंडाळून फ्रिजमध्येच ठेवली, कारण गरम नळीतही फेस होतो. नळ नेहमी पूर्ण उघडायचा. अर्धा उघडून सांभाळून ओतावं असं हाताला वाटतं, पण अर्धा नळ म्हणजे फेसाचं यंत्र. नळ, कनेक्टर, नळ्या मिळून 2,800 गेले.

नळीने फेस निम्म्याने कमी झाला. उरलेला कमी झाला तो वेगळ्याच कारणाने. दुसरा केग घ्यायचे पैसे नव्हते आणि पेयं दोन करायची होती. विचार करता करता लक्षात आलं, मुंबईत सरबतवाला किंवा सोडावाला काय करतो? सोडा एक, सिरप वेगवेगळी. केगमध्ये फक्त पाणी भरायचं! साखर नाही, चोथा नाही, आंबण्याची भीती नाही, केग धुणं सोपं. सिरप ग्लासात, एक भाग सिरप आणि पाच भाग सोडा. चार व्हॉल्यूमच्या सोड्यात एवढं सिरप पडलं की हिशोबाने तीनच्या थोडं वर उरतं, जिभेला पुरेसं. कोकमाचा प्रश्नही असाच सुटला. आगळात मीठ भरपूर असतं, ते केगमध्ये दिवसेंदिवस ठेवलं तर स्टील खाणार. ग्लासात काय, दोन मिनिटांत पिऊन होतं. सिरपसाठी मात्र अमृत कोकम घेतलं, देवगडहून मावशीने पाठवलेलं, आणि आगळ फक्त चवीपुरतं.

मसाल्याची एक युक्ती सांगते. जिरेपूड-काळं मीठ सोड्यावर भुरभुरलं तर ग्लास उतू जातो, कारण प्रत्येक कणावर गॅस सुटतो. मसाला आधी चमचाभर पाण्यात विरघळवून तळाशी घालायचा, त्यावर सिरप, आणि सोडा ग्लासाच्या कडेने. आमच्या शेजारच्या काकू स्टॉलवर मदतीला होत्या. त्यांनी पहिल्या संध्याकाळी हे इतक्या झपाट्याने उचललं की नंतर नळ त्यांनी मला दिलाच नाही.

प्रदर्शन 26 आणि 27 ऑक्टोबरला, शनिवार-रविवार. फ्रिज खाली नेणं शक्य नव्हतं, म्हणून प्लास्टिकच्या पिंपात केग आणि भोवती बर्फ. सकाळी बर्फाच्या दोन लाद्या आणल्या, निळसर. 2018 पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवायचा असा नियम आहे, म्हणजे तो कुणी पेयात घालू नये. केगभोवती घालायला हाच स्वस्त आणि चालतो, पेयाला त्याचा स्पर्श होत नाही. पण गिऱ्हाईक बघतं. तीन-चार जणांनी विचारलं, हा बर्फ ग्लासात घालणार का? दुसऱ्या दिवशी पिंपाला गोणपाट गुंडाळलं आणि ग्लासातला खाण्याचा बर्फ वेगळ्या, झाकणाच्या डब्यात समोर ठेवला.

नोंदणीचं प्रमाणपत्र टेबलाला चिकटवलं होतं. एका आजोबांनी चष्मा वर करून ते पूर्ण वाचलं आणि मगच दोन ग्लास घेतले. दोनशे मिलीच्या ग्लासाला 40 रुपये. शनिवारी नऊच्या आत केग संपला. घरी फ्रिजमध्ये उकळून गार केलेलं पाणी तयार होतं. रात्री केग भरून हॉलमध्ये लोळवला, सासरे आणि मुलगा दोन टोकांना बसून. खालच्या मजल्यावरून फोन आला, एवढंच.

जमाखर्च सांगते, कारण मला कुणी सांगितला नव्हता. सामानाला, रिंगा-ग्रीस धरून, एकवीस हजारांच्या आसपास गेले. दोन दिवसांचा गल्ला साडेसात हजारांच्या आगेमागे, त्यातून सिरप, कागदी ग्लास, बर्फ आणि स्टॉलचं भाडं वजा. म्हणजे खर्च निघाला नाही, आणि पहिल्या वर्षी निघणारही नव्हता. पण गॅस आश्चर्य वाटावं इतका स्वस्त आहे. एका केगला दीडशे-दोनशे ग्रॅम लागतो, सगळं संपून सिलिंडर वजनाला लावला तेव्हा किलोभरही उतरला नव्हता. गळती नसेल तर पाच किलोत पंचवीस केग आरामात होतात.

भाऊबीजेला, 3 नोव्हेंबरला, पुण्याला भावाकडे न्यायला थोडा सोडा बाटल्यांत भरला. केगमधून बाटली भरायची तर बाटल्या आधी फ्रिजमध्ये गार करून ठेवायच्या, केगचं प्रेशर उतरवून पाच पीएसआयवर आणायचं, नळाला नळी लावून ती बाटलीच्या तळाला टेकवायची आणि खालून वर भरत यायचं. बाटल्या मी कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्याच घेतल्या. भरून झाल्यावर दाबून वरची हवा काढायची आणि तसंच दाबलेलं असताना झाकण पिळायचं. पत्र्याची बुचं लावायचं यंत्र दीडेक हजाराला मिळतं आणि रद्दीवाल्याकडे बिअरच्या बाटल्या हव्या तेवढ्या. त्याला माझी हरकत नाही, फक्त बाटली गॅसच्या पेयाचीच हवी. सॉसच्या, स्क्वॉशच्या, रमच्या बाटल्या दिसायला जाड असतात, पण त्या प्रेशरसाठी केलेल्या नसतात. द्रुतगती मार्गावर दोन तास गाडीत होत्या, पुण्यात उघडल्या तेव्हा फसफस शाबूत होती.

केग आता धुऊन, उलटा निथळवून, पुन्हा झाकण लावून थोडा गॅस भरून ठेवलाय. असा ठेवला की आत झुरळ, धूळ काही जात नाही, आणि महिन्याने व्हॉल्व्ह ओढल्यावर फुस्स झालं नाही तर रिंग गेली हे आयतंच कळतं. नोंदणी एका वर्षाची घेतली होती. नूतनीकरणासाठी मोबाइलमध्ये जूनची आठवण तेव्हाच लावून ठेवली.